नाव घे, मग आत

माझ्या धाकट्या जावेइतकी भांडकुदळ बाई अख्ख्या मावळात मिळायची नाही. लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात कामाला होती, तेव्हा गिऱ्हाइकं तिला दबकून असत. चव बघायला कुणी दुसरा तुकडा उचलला, की हिनं मनगट धरलंच. मग एकदा घाटात दिरांच्या मोटारसायकलवरून पडली, डोक्याला मार बसला, आणि सकाळी खाल्लेलं दुपारी आठवेनासं झालं. माझ्याशी केलेली जुनी भांडणं मात्र शब्दन् शब्द शाबूत. बघायला येणारा जो तो परीक्षा घ्यायचा, "मला वळखलं का?" एकाला म्हणाली, "न्हाई वळखलं. पर आलायस तर च्या पिऊनच जाशील."

तिची आठवण ताळ्यावर आणायला तळेगावहून एक शिकलेली पोरगी येते. तिनं घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ, साखर, औषध, मोरी. दिरांच्या कपाळावर तेवढी लावायची राहिली. एक दिवस तिनं विचारलं, "मावशी, नवऱ्याचं नाव सांगा." जावेनं पदर तोंडाला लावला. "अगं बया! बसल्यात की समोर, त्यास्नीच इचार." पोरीनं पुन्हा विचारलं, हिनं पुन्हा पदर. पोरीनं कागदावर फुली मारली.

मी म्हटलं, "अगं पोरी, आमच्यात नवऱ्याचं नाव असं सांगत न्हाईत. उखाण्यात घेत्यात."

"पण मग खरंच आठवतंय की नाही, हे कळायचं कसं?"

तिचंही चूक नव्हतं. दिरांचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी गाडी तेच चालवत होते.

मी जावेला अंगणात नेलं आणि दिरांना दारात आडवं उभं केलं. "नव्या नवरीवानी नाव घे, मग आत." ती पदर खोचून ठसक्यात म्हणाली,

"घाटातल्या दगडावर डोकं माझं फुटलं,
सगळं सांडलं, तरी गणपतरावांचं नाव न्हाई सुटलं!"

पोरीनं टाळ्या वाजवल्या, फुली खोडली. दीर गोठ्यात गेले. म्हशीपुढं वैरण होती, तरी आणखी टाकून आले.

तेव्हापासून ते रोज संध्याकाळी दार अडवतात. लग्नात एवढी हौस नव्हती. ती रोज नवं काहीतरी जुळवते, कधी शेंगदाण्यावर, कधी माझ्या नाकावर. नाव तेवढं तेच.

काल मात्र उंबऱ्याशी नुसती उभी राहिली. पदर तोंडाला लावून हसली. दीर वाट बघत राहिले.

"लाजली," मी म्हटलं.

"व्हय, लाजली," ते म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.