मी ऋताला सांगितलं नाही

रविवारी नागावला गेले होते, भाचीला भेटायला. ऋता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. वय अठ्ठावीस, आठ महिन्यांच्या बाळाची आई… आणि नुकतीच दुसरी केमो झालेली.

हे लिहायला तिचीच परवानगी आहे. "नाव तेवढं बदल आत्या, बाकी काही बदलू नकोस," म्हणाली.

चार वर्षांपूर्वी मला ब्रेस्ट कॅन्सर झाला. श्रीवर्धनहून मुंबईला खेपा सुरू झाल्या. तिथे माझं रक्त जेनेटिक टेस्टला पाठवलं आणि एका जीनमध्ये जन्मापासूनचा बिघाड निघाला. ऑपरेशन, केमो सगळं झाल्यावर नेमक्या त्या बिघाडावर चालणारी गोळी वर्षभर घेतली. आज मी वर्गात उभी राहून शिकवते, ती त्यामुळेच.

रिपोर्ट हातात देताना डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "हे तुमच्यापुरतं नाही. भावातही असू शकतं, त्याच्याकडून मुलींमध्ये. त्यांना सांगा."

केमो संपल्यावर दिघीची फेरीबोट पकडून मी मुद्दाम नागावला गेले. भाऊ होमस्टे चालवतो, पाहुण्यांच्या गडबडीत होता. ऐकून हसला. "ताई, बायकांचा आजार हा. मला काय चेक करणार?"

बापाकडूनही येतो, असं मी समजावून सांगितलं, तशी भावजयीने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. ऋताचं लग्न ठरत आलं होतं. "ताई, पाया पडते तुमच्या. लग्न होऊन जाऊ दे. पोरीच्या रक्तातच आजार आहे असं गावभर झालं, तर कोण करून घेईल तिला?"

मी रिपोर्टची घडी घातली आणि तो पर्समध्ये ठेवला. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं…

लग्नात मी तिला हळद लावली. मग वाटलं, नवा संसार आहे, आत्ताच नको. मग दिवस राहिले, आता तर नकोच. गप्प राहायला दरवेळी चांगलं कारण सापडत गेलं.

बाळ दोन महिन्यांचं असताना तिच्या हाताला गाठ लागली. दुधाची असेल म्हणून चार महिने शेक घेत राहिली. आत्याला कॅन्सर होता, एवढंच तिला ठाऊक होतं. शेवटी तपासण्या झाल्या, आणि तिच्या रिपोर्टमध्ये माझ्याच रिपोर्टमधली ओळ आली. जशीच्या तशी.

रविवारी ती माहेरी, मागच्या पडवीत बसली होती, डोक्याला स्कार्फ बांधून. बाळ झोपलं होतं. म्हणाली, "आत्या, तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून."

स्वयंपाकघरातला भावजयीच्या भांड्यांचा आवाज थांबला. ऋताने डोक्यावरचा स्कार्फ नीट केला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "लग्नाचं काय झालं असतं, मला नाही माहीत. पण गाठ लागली ना, त्याच दिवशी मी डॉक्टरकडे गेले असते."

आणि ज्या जावयाला घाबरून आम्ही गप्प बसलो, तो प्रत्येक केमोला बाळाला कडेवर घेऊन हॉस्पिटलच्या आवारात फेऱ्या मारतो. आधी कळलं असतं तर तो खरंच नाही म्हणाला असता? आम्ही त्याला विचारलंच नाही.

ऑपरेशननंतर तिलाही बहुधा तीच गोळी देता येईल, असं डॉक्टर म्हणतात. गोळी शोधणाऱ्यांचे पाय धरावेत असं वाटतं. त्यांचं काम त्यांनी केलं… माझं काम फक्त एक वाक्य बोलण्याचं होतं.

ऋताच्या धाकट्या बहिणीचीही टेस्ट झाली आहे, रिपोर्ट यायचा आहे. तिच्यासाठी स्थळं बघतायत, आणि आता घरात काय आहे ते आधीच सांगायचं ठरलंय. पहिल्या घराचा नकार काल आला. भावजयीची भीती खोटी नव्हती, हे मला कबूल आहे.

पण तिच्या भीतीला मी ऋतापेक्षा मोठं केलं. त्याबद्दल ऋताने मला अजून माफ केलेलं नाही… आणि माफी मागायचं धाडस माझ्यात अजून आलेलं नाही.