तीन कवट्या

शहागंजातल्या धान्याच्या दुकानात ज्वारी घ्यायला पहिल्यांदा गेले, तेव्हा म्हातारे दुकानदार काडीनं एक करडी, केसाळ गोळी उकलत बसले होते. आतून इवलीशी कवटी निघाली. मी चटकन हात मागं घेतला.

"माळ्यावर घुबड हाय आमच्या. उंदीर गिळतं अन् केस, हाडं अशी ओकून टाकतं," ते कौतुकानं म्हणाले. दुसरी कवटी निघाली, तिसरी निघाली, तसे ते नातवाचा निकाल वाचल्यासारखे खुलत गेले.

"पण चाचा, घुबड अशुभ ना? हाकलत का नाही?"

"अशुभ तर हायच, बेटी." त्यांनी तिन्ही कवट्या माझ्यापुढं ओळीनं मांडल्या. "इनकू पूछो!"

आता मी ज्वारीचा भाव नंतर विचारते. आधी विचारते, "चाचा, आज किती?"