खिडकीवाल्यांचा राहिलेला फोटो

आमच्या ह्यांना अख्खं बंदर खिडकीवाले म्हणून ओळखतं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाल्ली आणि नवी लावायची ह्यांना कधी गरज वाटली नाही. बोटीवरून उतरलेल्या कुणी विचारलं, फोटो कुठे काढून मिळेल, की धक्क्यावरचे हमाल बोट वर करायचे. ती बघा, दोरखंडाच्या दुकानावरची खिडकी. तिथे जा आणि हसू नका.

हसू नका, हे खरंच होतं. बोटीवर नोकरी लागलेल्या माणसाला कागदपत्रांसाठी फोटो लागतो आणि त्या फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात, हनुवटी सरळ लागते, दात दिसलेले चालत नाहीत. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे ह्यांचं दुकान. एका भिंतीला पांढरा पडदा, समोर दोन दिवे, एक स्टूल. पहिली नोकरी लागलेली पोरं त्या स्टुलावर बसायची आणि आनंद काही लपायचा नाही. मग हे ओरडायचे, "हसायचं ते जिन्यात जाऊन हसा!" आयुष्यभर माणसं गप्प करून ह्यांनी आमचं पोट भरलं.

पण जीव होता तो दुसऱ्या भिंतीतल्या खिडकीत.

ती मोठी, दोन झडपांची लाकडी खिडकी. तिच्यातून धक्का दिसायचा, होड्यांच्या डोलकाठ्या, मधलं पाणी आणि पार टोकाला दीपस्तंभ. गिऱ्हाईक नसलं की हे कॅमेरा तिपाईवर चढवून खोलीच्या मागच्या कोपऱ्यात जायचे आणि खिडकीसकट बंदराचा फोटो काढायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, बंदर काढायचंय तर बंदरावर जा ना! खिडकी कशाला मध्ये?"

"चौकट नसली तर बंदर सांडतं," हे म्हणाले. "खिडकी त्याला धरून ठेवते."

कपाळ माझं! तिपाई नेहमी एकाच जागी. तिचे पाय घासून घासून फरशीवर तीन खळगे पडले. तिथे मला कधी कपाट ठेवू दिलं नाही. माझे कपडे जन्मभर पेटीत राहिले, कारण काय, तर तिथून बंदर बरोबर मावतं.

ह्यांच्या त्या फोटोंची एक रीत होती. उजेड मोजायचा तो बाहेरच्या पाण्याचा. खोलीचा नाही. तसं केलं की बाहेरचं सगळं लख्ख येतं आणि आतलं सगळं काळं पडतं. भिंत, झडप, कडी, सगळं. ती काळी किनार म्हणजेच ह्यांची चौकट. हात असा बसला होता की डोळे मिटूनही चुकला नसता. आणि ऐन वेळी ह्या बसलेल्या हातानेच आमचा घात केला.

आम्हाला एकच लेक. आम्ही तिला चिमणी म्हणायचो, कारण लहानपणी ती दिवसभर त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसून चिवचिवायची. नर्सचं शिकली आणि समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली. तिचाही कागदपत्रांचा फोटो ह्यांनीच काढला, पडद्यापुढे, दोन्ही कानांसकट. तिलाही म्हणाले, हसू नकोस.

जायच्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घातली. तिचे केस म्हणजे कंबरेखाली, आणि दाट असे की माझ्या मुठीत मावायचे नाहीत. घट्ट घातली, बोटीवर वाऱ्यात सुटायला नको म्हणून. "आई, डोळे ओढले गेले ना माझे," म्हणून ती कुरकुरली आणि मी अजून एक पेड आवळला. खाली सामान न्यायला माणूस आला होता. तेवढ्यात ह्यांना सुचलं. म्हणाले, खिडकीत उभी राहा, बंदरासकट एक फोटो काढतो.

ती उभी राहिली. कट्ट्यावर हात टेकून जरा बाहेर वाकली, स्वतःची बोट कुठली ते बघायला. वेणी खांद्यावरून घसरून पुढे लोंबली. ह्यांनी हाक मारली, तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं गेलं. हे सगळं ह्यांनी नंतर सांगितलेलं; मी तेव्हा दारात तिचा डबा बांधत होते, मान खाली घालून. मान वर करायची माझी हिंमत नव्हती, रडू फुटलं असतं.

दुपारी हे फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले ते भुतासारखे पांढरे पडून. फोटो माझ्या हातात दिला. बंदर काय सुंदर आलं होतं, काय सांगू! डोलकाठीवर बसलेल्या पक्ष्याची पिसंसुद्धा मोजून घ्यावीत. आणि खिडकीत आमची लेक काळी. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. नुसता आकार, आणि त्या आकारापासून सुटी लोंबणारी एक वेणी.

"उजेड पाण्याचा धरला मी," हे म्हणाले. "सवयीने."

तोवर तिची बोट दीपस्तंभाच्या पलीकडे गेली होती. मी ह्यांना त्या दिवशी जे बोलले ते इथे सांगत नाही. आठवडाभर आमच्या घरात भांडीच तेवढी बोलत होती.

मग वर्षं गेली. ती तिकडेच रमली, तिकडेच लग्न झालं, मुलं झाली. एकदा येणार होती तर बाळंतपण आलं, एकदा येणार होती तर सासरे आजारी पडले. मी कुणाला दोष देत नाही, संसार असाच असतो. पण आठवण यायची ती कशीही, कुठेही यायची. बाजारात एखादीची लांब वेणी पुढे चालत असली की मी उगाच दोन दुकानं तिच्यामागे जायचे. पुढे फोन आले, फोनमध्ये चेहरे आले. रविवारी चिमणी दिसायची, बोलायची. कान, हनुवटी, सगळं दिसायचं.

हे मात्र फोन संपला की त्या काळ्या फोटोसमोर जाऊन उभे राहायचे. मी वैतागून म्हणायचे, "आत्ताच तर बघितलीत की तिला!"

"ती तिकडच्या खोलीतली," हे म्हणायचे. "मला आपल्या खिडकीतली हवी. एकदा येऊ दे. या वेळी उजेड चेहऱ्याचा धरीन. बंदर पांढरंफटक पडलं तरी चालेल."

आणि लगेच म्हणायचे, "नाही, पण बंदरही हवंच."

मीही तेच म्हणत होते, फक्त मनात. मला ती हवी होती, त्या खिडकीत, डोळ्यांसकट.

दुकान पुढे थंडावलं. लोक आपले फोटो आपणच काढायला लागले. ह्यांनी पडदा उतरवला, दिवे माळ्यावर टाकले. तिपाईचे खळगे तेवढे उघडे राहिले आणि माझं कपाट तेवढं यायचं राहिलं. अशात एक दिवस खालचा दोरखंडवाला वर येऊन सांगून गेला, समोरच्या मोकळ्या जागेत गोदाम उठतंय. चांगलं उंच.

ह्यांनी त्याच संध्याकाळी फोन लावला. इतक्या वर्षांत लेकीला कधी ये म्हणाले नव्हते, पोरीला ओझं नको म्हणून. त्या दिवशी म्हणाले, "चिमणे, गोदाम उठायच्या आत ये गं."

"येते बाबा. नक्की येते. रजा टाकते."

रजा मिळाली, मग रद्द झाली, मग पुन्हा मिळाली. इकडे लोखंडी खांब उभे राहिले. त्यांच्यावर खालून वर पत्रे चढायला लागले, काळ्या डांबरी रंगाचे. आधी धक्का गेला. मग पाणी गेलं. मग डोलकाठ्यांची टोकं तेवढी पत्र्यावरून डोकावायची, आणि हे त्यांचेही फोटो काढायचे. दीपस्तंभ गेला त्या दिवशी ह्यांनी खिडकीची दोन्ही झडपं लावून घेतली. जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही, दोन्ही ताटं झाकून ठेवली.

आणि मग चिमणी आली.

दार उघडलं आणि मी बघतच राहिले. भरलेली, चष्मा लागलेली, आणि केस मानेपर्यंत कापलेले. इतक्या वर्षांनी लेक उंबऱ्यात उभी आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "अगं बाई! केस कुठे गेले?"

"आई, इस्पितळात किती त्रास व्हायचा गं त्यांचा," म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. दोघी तिथेच रडलो. तिच्या पाठीवर माझा हात वेणी शोधत होता, तो रिकामाच फिरला.

फोटोचं हे काहीच बोलले नाहीत. चहा घेतला, नातवंडांचं विचारलं. चिमणीच उठली, खिडकीची झडपं उघडली. समोर हाताच्या अंतरावर काळा पत्रा. तिने हात लांबवून त्याला बोट लावलं. मग म्हणाली, "बाबा, उशीर केला ना मी?"

"असू दे," हे म्हणाले आणि तिच्याकडे बघितलं. तिच्या मागे तो पत्रा. बघता बघता ह्यांचा चेहराच पालटला. "हलू नकोस!" एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातची बशी पडता पडता राहिली. मग माझ्याकडे वळून, "अगं, माळ्यावरचे दिवे काढ! मागे काळं आहे. नुसतं काळं!"

मला काही कळेना. मग त्यांनी मला समजावलं, तेच सांगते. फोटोच्या फिल्मवर सगळं उलटं असतं. फोटोत जिथे काळं, तिथे फिल्म कोरी, आरपार काचेसारखी. म्हणजे जुन्या फिल्ममध्ये चिमणीचा आकार कोरा होता आणि भोवती बंदर होतं. आता काळ्या पत्र्यापुढे तिचा फोटो काढला तर नव्या फिल्ममध्ये चिमणी येणार आणि भोवतीचं सगळं कोरं. दोन्ही फिल्म एकावर एक ठेवून एकच फोटो छापायचा. बंदर जुनं, लेक आत्ताची.

"मात्र ती तिथेच, तशीच उभी राहायला हवी," हे म्हणाले. "केसाचाही फरक नको."

मग काय विचारता! तिपाई तिच्या खळग्यांत बसली. जुना फोटो स्टुलावर टेकवला आणि ह्यांची हुकमत सुरू झाली. डावा हात कट्ट्यावर. तिथे नाही, कडीच्या बाजूला. वाक. एवढी नाही. मान वळव. मी म्हटलं, "अहो, प्रवासातून आलीय पोर, तिचं काय लाकूड करताय?" चिमणी हसायला लागली. "बाबा, हसू की नको?"

"हस," हे म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "पाहिजे तेवढी हस."

रजा संपली आणि ती गेली. या वेळी विमानाने, म्हणजे खिडकीतून बघायलाही काही नाही. फिल्म धुवायची रसायनं ह्यांना कुठून कुठून शोधावी लागली, म्हणून फोटो छापायला बसलो तेव्हा घर पुन्हा आमच्या दोघांचंच झालं होतं. अंधारी खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. दाराच्या फटीत मी चादर कोंबली आणि लाल दिव्यात ह्यांच्या खांद्याशी उभी राहिले.

कागद रसायनात पडला. आधी काहीच नाही. मग चौकट आली, मग दीपस्तंभ, धक्का, डोलकाठी, तिच्यावरचा पक्षी. आणि मधोमध, हळूहळू, माझी लेक. डोळे आले. चष्मा आला. हसू आलं. मी ह्यांचा दंड घट्ट धरला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर तरंगत होतं.

हे मात्र वाकून निरखत होते. "नीट नाही बसलं," पुटपुटले. खरंच नव्हतं बसलं. चिमणीचे खांदे आता रुंद झालेत. जुन्या आकाराच्या बाहेर जाणाऱ्या खांद्यांतून होड्या आरपार दिसत होत्या. वीस-बावीसची पोर ती, तिच्यात माझी चष्मेवाली, दोन लेकरांची आई कशी मावणार? आणि मानेपर्यंत कापलेल्या केसांच्या खाली, कशालाच जोडलेली नसलेली, एक काळी वेणी हवेत लोंबत होती.

"खांद्यांना इलाज नाही," हे म्हणाले. "पण ती वेणी मी ब्रशने घालवतो. मागे पाणीच आहे. कळणारसुद्धा नाही."

त्यांनी ब्रशकडे हात नेला, आणि मी तो हात वरच्या वर धरला.

"खबरदार हात लावलात तर," मी म्हटलं. "ती मी घातलेली आहे."