काकांचे चुरमुरे

कोपरगावजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारे काका प्रत्येक जखम खाण्याच्या भाषेत सांगतात. गळू दाबून बघतात आणि मला कळवतात, "मॅडम, पेरू पिकला." दुपारी चारला दारातून एकच शब्द टाकतात, "चुरमुरे?" म्हणजे भेळ मागवायची का.

एकदा सकाळी अकरालाच ते दारात उभे. "मॅडम, चुरमुरे!"

"नको हो काका, आत्ताच पोहे खाल्लेत."

"आवो, खायाचे न्हाईत! पायात हायत!"

आत ऊसतोडीला आलेली बाई कण्हत होती. परवा पोटरीला कोयता लागलेला, जखम जेमतेम बोटभर. एवढ्याशा जखमेला एवढं कण्हणं कशाला, असं मनात म्हणत मी औषध लिहायला पेन काढलं. काकांनी सरळ माझं मनगट धरलं आणि जखमेपासून वीतभर लांब, चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर माझी बोटं अलगद टेकवली. खाली कुरकुरलं. अगदी चुरमुऱ्यांसारखं.

आत मांस सडत होतं आणि त्यात वायू भरला होता. पुस्तकातून हे मी पाठ केलं होतं, हाताला पहिल्यांदाच लागलं. आणखी एक दिवस गेला असता तर पाय गेला असता, कदाचित बाईसुद्धा. इंजेक्शन देऊन तिला लगेच नगरला ऑपरेशनसाठी पाठवलं. पाय वाचला.

काकांना त्याचं काही नाही. चारला दारात हजर, "मॅडम, चुरमुरे?"

मी मात्र हातातलं पेन खाली ठेवते आणि आधी विचारते, "काका, पुडीतले का पायातले?"