बेळगाव सांभाळणारा अज्जा

अज्जाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या छातीवर लाल-पिवळी फीत होती आणि माझ्या दंडाला काळी. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या पार्कात, एक नोव्हेंबरला. आमच्या सीमाभागात त्या दिवशी कानडी लोक सण करतात. आम्ही मराठी लोक बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून काळा दिवस पाळतो. मी तर दिवसभर तोंडात काही घालत नाही. माझी फीत बघून म्हातारा मराठीतच म्हणाला, “बेळगावात कुठलं वो तुम्ही?”

त्याच्या नाती त्याला अज्जा म्हणायच्या, म्हणजे कानडीत आजोबा. मग सगळा पार्कच म्हणायला लागला. रोज बाकाच्या मधोमध तो काठी आडवी ठेवायचा. “इकडं कर्नाटक, तिकडं महाराष्ट्र. शेंगा दोघांच्या.” मी त्याच्या शेंगा कधी खाल्ल्या नाहीत.

नाती त्याच्याशी घडाघडा कानडी बोलायच्या. माझा नातू ईशान मला ‘ओके’ आणि ‘नो’ म्हणायचा, बस्स. त्याचं मला किती लागायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. एक दिवस तोच ईशान काठी ओलांडून त्याच्याकडं गेला. “अज्जा, मला शेंगा दे.”

“द्या म्हण!” मी ओरडलो.

“सॉरी,” म्हणून पोरगं मागं सरकलं.

“असू दे की वो पाटील. आपल्या माणसाला पोरं ‘दे’च म्हणतात.”

आपल्या माणसाला! मराठीसाठी मी पाठीवर लाठ्या खाल्ल्या, चौथीच्या पुढं शिकलो नाही पण मोर्चा चुकवला नाही. आणि माझ्या नातवाला मराठी फुटते ती कानड्याच्या मांडीवर. दुसऱ्या दिवसापासून मी ईशानला लांबच्या पार्कात न्यायला लागलो. पोरगं रडायचं. शेवटी माझे गुडघे दुखायला लागले म्हणून परत त्याच बाकावर आलो. गुडघ्यांमुळंच.

गेल्या उन्हाळ्यात अज्जा कायमचा गावी गेला. जाताना म्हणाला, “बेळगाव मी सांभाळतो, पाटील. तुम्ही टेक्सास बघा.” सगळे हसले. मला नाही हसू आलं. माझी माती त्याला, आणि मला सुनेचं कार्पेट.

यंदा एक नोव्हेंबरला सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागं ढोल, झेंडे. ईशाननं फोन घेतला. आदल्या रात्री हॅलोविनला मिळालेल्या चॉकलेटांची बादली त्याच्या शेजारी भरलेलीच होती.

“अज्जा, तुझा सण आहे ना? आमचा काळा दिवस आहे. आजोबांनी चहा पण नाही घेतला. मी पण चॉकलेट नाही खाल्लं.”

आमचा, म्हणाला पोरगा. एवढं सलग मराठी. पाच वर्षं मी या एका शब्दाची वाट बघत होतो, आणि तो सांगितला कुणाला, तर त्याला.

“पाटील, ऐकलासा का?” फोनमधून अज्जा ओरडला.

मी तोंड खिडकीकडं फिरवून बसलो.