सुईचा उपास

हे कुणाच्या हाती पडलं तर माझ्या चुका आणि गिचमिड अक्षर सांभाळून घ्या. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण वैजूचं कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

पेणला आमच्या शेजारी ती मामाकडे राहायची. मूळची रोह्याजवळच्या वरशाची, वय सोळा. गणपतीच्या कारखान्यात मी मूर्ती घासायचे, ती रंगवायची. रोज सकाळी ओटीवर बसून ती काचेच्या नळीत निळं औषध घ्यायची, त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. साखर नसली तर रंग निळाच राहतो. वाढत गेली की हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी. नळी उजेडात धरून मला दाखवायची, "पिवळा गो मावशी. बाप्पाचा पितांबर रंगवून घेऊ काय?" निळा मी क्वचितच पाहिला.

मग सिरिंज उकळायची आणि मांडीत सुई. संध्याकाळी पुन्हा तेच. फ्रिज कुणाकडेच नव्हता. इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात असायची.

"बाप्पाची नि माझी, पूजा दोघांचीपण दोन येळा," ती म्हणायची. "त्याला मोदक, मला सुया."

डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई चुकवायची नाही. तिनं कधी चुकवली नव्हती.

हरतालिकेला मामी म्हणाली, "असला रोग, तुला स्थळ कुठून येणार? उपास धर. आणि तोंडात पाणीपण घालायचं नाय, तर सुई कशाला? जेवण पचवायलाच ना ती?"

आम्हा सगळ्यांना ते पटलं. वैजूला तर आनंदच झाला. "आज सुईचापण उपास. माझ्या मांडीला सुट्टी!"

दिवसभर तिनं मूर्तींचे डोळे रंगवले. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. तशातही तिनं नळी उकळली. विटकरी.

"मी तर काय खाल्लं नाय गो मावशी. मग ही साखर आली कुठून?"

मी म्हटलं, सुई घे. ती म्हणाली, "सकाळी उपास सोडला की घेते. एवढा धरला, आता मोडू कशाला?"

पहाटे अलिबागला नेताना ती जीपमध्येच गेली. उपाशी असलं तरी शरीर आतून साखर बनवतं, त्यालाही सुई लागते, हे आम्हाला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

त्याच दिवशी चतुर्थी; तिनं रंगवलेले डोळे घरोघर गेले. मामीकडे सुतक, गणपतीचा पाट रिकामाच राहिला.

मडकं अजून कोपऱ्यात आहे, बाटली अर्धी आहे. मामी रोज सकाळी वाळूवर पाणी शिंपडते. तिला कुणी थांब म्हणत नाही.