आत्याचा मुराळी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी आत्याचं नाव घेतो. वडिलांची थोरली बहीण. तिला अक्षरओळख नव्हती, आणि आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी झालो तो तिच्यामुळे. हे मी पुष्कळ ठिकाणी बोललो आहे. लोक माना डोलावतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. म्हणून ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. डोंगर इतका जवळ, की सकाळचं ऊन इतर गावांत पोचून जुनं झालं तरी आमच्या अंगणात आलेलं नसायचं. गावात शाळा नव्हती. आत्याला खालापूरला दिलं होतं. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, तिथल्या कचेरीत पट्टेवाले होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी लहान असताना आत्या माहेरपणाला आली आणि जाताना म्हणाली, याला मी नेते, शाळेत घालते. वडील नको म्हणाले. मी एकुलता एक, भाताची खाचरं डोंगरउताराची, आणि घरात नांगराला हात लावणारे ते एकटेच. शिकलेला पोरगा जातो तो परत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शब्दाला शब्द वाढला. शेवटी ते म्हणाले, "नेलास तर पुन्ना मूळ यायचं नाय."

हे किती मोठं बोलणं होतं ते सांगायला हवं. आमच्याकडे सासरी दिलेली मुलगी आपल्या मनाने माहेरी येत नाही. माहेरचं माणूस तिला न्यायला जातं. त्याला मूळ धाडणं म्हणतात, आणि जो न्यायला जातो तो मुराळी. मूळ आलं नाही तर बाई जात नाही, मग माहेर हाकेच्या अंतरावर का असेना. आत्याने ते ऐकून घेतलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझा हात धरून चालू लागली.

त्यानंतर खरोखरच मूळ आलं नाही. सातवीची फायनल मी खालापूरला केली, मॅट्रिक पनवेलला, कॉलेज पुण्याला. आतोबांचा पगार आणि आत्याने कांडलेले पोहे, यांवर ते सगळं झालं. सुटीत मी गावी जायचो. वडील कधी रागे भरले नाहीत. आत्याचं नाव मात्र घेत नसत. मी परत निघालो की नव्या वालांची पिशवी हातात द्यायचे आणि म्हणायचे, तिकडं लागतील. आत्या ते वाल निवडायची, भिजवायची, मोड आणायची, पण कुठले म्हणून विचारायची नाही. माझी पुढची सुटी आली की सुक्या बोंबलांची जुडी बांधून द्यायची. "घरी दे," एवढंच. वडिलांना बोंबील जिवापाड आवडतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

भाऊबीजेला ती अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तसं. आतोबा थट्टेखोर माणूस. एकदा म्हणाले, चंद्राला बोंबील चालतात का तेवढं विचार. ती हसली नाही, तेव्हापासून त्यांनी ती थट्टा केली नाही.

बी.ए. झाल्यावर पुण्याला एका शाळेत मला मास्तरकी मिळाली. लढाईचे दिवस होते, तरी नोकरी मिळाली याचंच सगळ्यांना अप्रूप. नाताळच्या सुटीत मी खालापूरला आलो आणि आत्याला म्हटलं, तुला काय पाहिजे ते सांग. लुगडं सांगेल, फार तर पंढरीला ने म्हणेल असं मला वाटलं होतं. तिने काही नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोहे कांडता कांडता, मुसळ न थांबवता, तिने विचारलं, "आपल्या अंगनात ऊन कवा येतं रं आता? आंबा वाढला आसंल."

मी म्हटलं, चल, मी नेतो.

मूळ कुणी धाडलंय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मी त्याच घरचा नाही का? मीच मुराळी. त्यावर ती पोहे पाखडायला बसली. संध्याकाळी आतोबांना म्हणाली, याला मी मास्तर केला का वकील? आणि बाजारातून बोंबील आणायला सांगितले.

भाऊबीज होऊन महिना उलटून गेला होता हे एका परीने बरं झालं. त्या दिवशी गेलो असतो तर ओवाळणीसाठी आली असं कुणी म्हटलं असतं, आणि ते तिला सोसलं नसतं.

मोटारी तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालत आणि चढ आला की उतारूंना खाली उतरवत. खोपोलीहून कर्जतला आगगाडी होती, पण आत्या गाडीचं नाव काढू देईना. चालत आले, चालत जाईन, म्हणाली. निघताना आतोबांनी तिला शांतपणे सल्ला दिला, "भावानं काठी काढली तर बी.ए.ला म्होरं कर. तू मागं ऱ्हा."

ती वाट म्हणजे काही अवघड नव्हे. डोंगराच्या कडेकडेने, एका गावातून दुसऱ्या गावात जाणारी, बैलगाडीच्या चाकोरीपेक्षा थोडी अरुंद आणि पाऊलवाटेपेक्षा थोडी रुंद. पुढे पुष्कळ वर्षांनी मी हिमालयाच्या पायथ्याशी अशाच एका सोप्या वाटेने गावं पाहत हिंडलो. तिथेही बायका खळ्यावरून हाक मारून विचारत, कुठले, कुठे चाललात. बरोबरचे लोक बर्फाची शिखरं दिसतात का म्हणून वर बघत होते आणि मला डोक्यावर गाठोडं घेतलेली आत्या पुढे चालताना दिसत होती. उंचावर जाणाऱ्या वाटा माणूस हौसेने चालतो. गावातून गावात जाणाऱ्या वाटेवर कुणीतरी कुणाकडे तरी निघालेलं असतं.

भात कापून झालं होतं. खाचरांत उरल्या ओलीवर वाल पेरलेले, त्यांना फुलं आणि कोवळ्या शेंगा एकदमच आलेल्या. खळ्यांवर झोडणी चालली होती आणि पेंढ्याचा वास वाटेवर येत होता. पहिल्या गावात एका म्हातारीने विचारलं, कुठं निघालीस गं? आत्या म्हणाली, हितंच, पलीकडं. दुसऱ्या गावात विचारलं तेव्हा म्हणाली, डोंगराकडं. तिसऱ्या गावात विहिरीवर एका बाईने पाणी दिलं आणि तेच विचारलं, तेव्हा आत्या पाणी पिऊन, तोंड पुसून म्हणाली, "म्हायेराला."

"मूळ आलंय व्हय?"

"ह्यो काय. मास्तर हाय पुन्याला."

त्या बाईने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मुराळ्याच्या पायांत चामडी बूट होते, आणि त्यांनी माझ्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. मी तिथेच ते काढले आणि हातात घेतले. आत्या म्हणाली, आता दिसतोस आपल्या घरचा.

याच गावातून एक कुत्रं आमच्या मागे लागलं. पिवळट, एक कान लोंबता. त्याचं लक्ष आत्याच्या डोक्यावरच्या गाठोड्याकडे होतं. बोंबलांचा वास कापडातून जायचा थोडाच राहतो? मी त्याला दोनदा हाकललं. आत्या म्हणाली, असू दे रं, वरात मोठी दिसंल.

दुपारी एका व्हाळाच्या काठी भाकरी सोडली. पाणी घोट्याइतकंच, पण थंडगार. करंजाची सावली होती. तांदळाची भाकरी, लसणीची चटणी आणि कांदा. आत्या खाता खाता लहानपणचं सांगत होती. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला काखेत मारून ती गुरांमागे हिंडायची. तो भाकरी कधी तुकडा मोडून खात नसे, अख्खी दोन्ही हातांत धरून कडेने कुरतडायचा. किती सांगितलं तरी ऐकायचा नाही, म्हणाली. मग तिने कुत्र्याला एक तुकडा टाकला.

शेवटी एक लहानशी खिंड लागते. चढ असा नाहीच, दम लागायच्या आत संपतो. तिथून आमचं गाव दिसतं. आत्या धोंड्यावर बसली. गाठोडं मांडीवर घेतलं. मला वाटलं दमली. पण ती नुसती घराकडे बघत होती. आंबा खरंच वाढला होता, अर्धी कौलं त्याने झाकली होती.

"मी अंगनाच्या बाहेर हुबी ऱ्हाईन," ती म्हणाली. "भाकरतुकडा ओवाळला तर आत येईन. त्यो उठून घरात गेला, तर तू काय बोलू नको. आपून फिरायचं. मी भांडाय नाय आले."

माहेरवाशीण आली की घरातलं कुणीतरी भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन येतं, तिच्यावरून ओवाळून तुकडा बाहेर टाकतं, पायांवर पाणी घालतं, आणि मगच ती आत येते. आत्या माहेरी यायची तेव्हा आई हे करायची. आई घरी असेल तर सगळं सोपं जाईल असं मी मनाशी धरलं होतं. आई वडिलांच्या होकाराची वाट बघत बसणारी नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा आई घरी नव्हती. ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. वडील अंगणात एकटे, पेंढ्याचा दोर वळत बसले होते. मला पाहून त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. आत्या कुंपणाच्या कवाडीबाहेर थांबली होती, डोक्यावर गाठोडं तसंच. हातातला दोर वळायचा थांबला.

"मूळ कुनी धाडलं?" वडिलांनी मला विचारलं.

"मी," मी म्हटलं.

ते उठले. दोर टाकला, आमच्याकडे पाठ केली आणि घरात गेले.

आत्याने गाठोडं खाली उतरवून कुंपणाच्या दगडावर ठेवलं. भावाचे बोंबील भावाच्या दारात ठेवून ती वळली आणि दोन पावलं चाललीसुद्धा. तिला मी थांबवणार होतो, पण तिनेच काही बोलू नको म्हणून बजावलं होतं. घरातून भांडी सरकल्याचा, शिंकाळं हलल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज येत होता.

मग वडील बाहेर आले. एका हातात पाण्याचा तांब्या, अर्धा सांडलेला. दुसऱ्या हातात भाकरी. अख्खी. हे बायकांचं काम, त्यांनी ते जन्मात केलेलं नव्हतं. ते कवाडीपाशी आले आणि ती भाकरी आत्याच्या पाठीवरूनच ओवाळू लागले, उलट्या बाजूने, जातं फिरवावं तशी.

आत्याने वळून पाहिलं.

"आरं," ती म्हणाली, "अख्खी भाकर ओवाळत्यात व्हय? तुकडा म्हंत्यात त्याला."

"मला काय म्हाईत," वडील म्हणाले. "तू उबी ऱ्हा नीट."

त्यांनी भाकरी बाहेर भिरकावली. ती जमिनीवर पडायच्या आत पिवळ्या कुत्र्याने उचलली आणि ते पळत सुटलं. आमच्यापैकी दिवसभर चालल्याचं सार्थक सगळ्यांत आधी त्याचं झालं. वडिलांनी तिच्या पायांवर पाणी घातलं, ते बरंचसं त्यांच्याच पायांवर गेलं. दोघंही खाली बघत होती. मग वडील म्हणाले, "मी म्हनलंच हुतं. पोरगा जाईल, परत यायचा नाय."

"आलाय की," आत्या म्हणाली. "ह्यो काय, पाय सोलून हुबा हाय."

आई ओल्या धुण्याची टोपली घेऊन आली तेव्हा आत्या चुलीपाशी बसून बोंबील भाजत होती. आई दारातच "वन्सं" म्हणाली आणि टोपली खाली ठेवून तिच्यापाशी जाऊन बसली. धुणं तसंच टोपलीत राहिलं. थोड्या वेळाने तिने शिंकाळ्यात हात घातला आणि विचारलं, सकाळची एक भाकरी उरली होती, ती कुठे गेली? वडील उठून गोठ्यात गेले.

सुटी संपल्यावर मी एकटाच पुण्याला आलो. आत्या शिमग्यापर्यंत राहणार होती. शाळेत पोचल्याबरोबर मी तिला पत्र लिहिलं. ते तिने जपून ठेवलं होतं, म्हणून आज समोर आहे:

"ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचलो. पाय बरे आहेत, आईने लावलेल्या तेलाने खपल्या धरल्या. हे पत्र जो कुणी वाचून दाखवील त्याने जरा मोठ्याने वाचावे, वडिलांना डाव्या कानाने कमी ऐकू येते.

येताना खालापूरला उतरलो. आतोबा भात करपवतात आणि कचेरीत जाऊन छान झाला म्हणून सांगतात. तुझी चौकशी केली, आणि परतायची घाई करू नको म्हणाले. तू आहेस तोवर अंगणात बसून घे. ऊन उशिरा येते पण आले की बराच वेळ राहते, हे तूच सांगायचीस.

आत्या, मी तुला काय हवे म्हणून विचारले तेव्हा माझ्याकडे द्यायला पुष्कळ आहे असे मला वाटत होते. तू मागितलेस ते माझ्या हातात नव्हते. ते वडिलांनी दिले. मी फक्त बरोबर चाललो. मला शिकवण्यासाठी तू काय सोडून आली होतीस, ते मला त्या खिंडीत कळले.

पाकिटावर तुझे नाव आणि खाली आपल्या घरचा पत्ता घातला आहे. असा पत्ता मी आजवर कधी घातला नव्हता. दोनदा वाचून मग पेटीत टाकणार आहे.

शिमगा झाला की तुला पोचवायला वडील स्वतः येणार म्हणाले आहेत. ते चालायला लागले की थांबत नाहीत, तेव्हा व्हाळापाशी त्यांना बसव. भाकरी मात्र तुकडे करूनच बांधून घे.

तुझा मुराळी"